बर्नरच्या नॉझलसाठी मिश्रधातू कसा ठरवला: उद्यमबागेतलं एक प्रकरण

बेळगावच्या उद्यमबागेत गॅसच्या भट्ट्यांवर चालणारं एक हीट ट्रीटमेंट युनिट आहे. गिअर, हायड्रॉलिक पंपांचे शाफ्ट, ट्रॅक्टरच्या पिना ही त्यांची रोजची कामं. त्यांच्या एका भट्टीच्या बर्नरचं नॉझल वरचेवर जायचं. मूळ नॉझल ओतीव तुकडे वेल्ड करून जोडलेलं होतं. आतमध्ये हवा आणि गॅस घुसळणाऱ्या पिळाच्या वाटा होत्या, आणि चीर नेहमी वेल्डच्या कडेनंच सुरू व्हायची. बदली नॉझल बाहेरून मागवायचं तर पैसे जायचेच, शिवाय ते येईपर्यंत भट्टी गार पडून राहायची.

शेजारच्या फाउंड्रीत विचारून झालं. तिथल्या जुन्या मिस्त्रींनी ड्रॉइंग फिरवून फिरवून पाहिलं आणि सांगितलं, की इतक्या बारीक पिळाचा कोअर, म्हणजे आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, ओततानाच मोडेल, आणि टिकला तरी वाळू आतून निघणार नाही. बेळगावात काय किंवा पलीकडे कोल्हापूरच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावात काय, पिढ्यान्‌पिढ्या ओतकामात हात बसलेली माणसं 'हे होत नाही' म्हणतात तेव्हा ते ऐकावं असं माझं मत आहे. मग मेटल प्रिंटिंगचा विचार पुढे आला: धातूच्या पावडरीचा पातळ थर पसरायचा, लेझरनं हवा तेवढा भाग वितळवायचा, पुन्हा थर. पिळाची वाट असो की सरळ भोक, लेझरला सारखंच.

मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांची मागणी साधी होती. "सर, विमानाच्या इंजिनात जे चालतंय तेच घालूया की. एकदाच काय तो खर्च." पुण्याच्या ज्या जॉबवर्कवाल्याकडे मशीन होतं, त्याच्याकडे इन्कोनेल ७३८एलसीची पावडर होती. गॅस टर्बाइनच्या पात्यांचा हा नावाजलेला निकेल मिश्रधातू. त्यातच पहिलं नॉझल छापून घेतलं.

नॉझल आलं तेव्हा दिसायला देखणं होतं. डाय पेनिट्रंट तपासणी, म्हणजे रंग मुरवून पृष्ठभागावरच्या चिरा शोधणं, तिथंच उद्यमबागेत केली. लाल रंग फवारला, थोडा वेळ मुरू दिला, पुसून काढला आणि वरून पांढरा डेव्हलपर मारला. पांढऱ्यावर आधी काहीच नव्हतं. मग कडेला एक लाल ठिपका उमटला, त्याच्या खाली दुसरा, आणि बघता बघता ठिपके जुळून बारीक उभ्या रेघा झाल्या. जवळजवळ सगळ्या रेघा थर ज्या दिशेनं चढत गेले त्याच दिशेच्या. तपासणी करणारा गोकाककडचा मुलगा कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटला, अण्णांनी त्याला कन्नडमध्येच उत्तर दिलं आणि माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "हे तर चाळणीगत झालंय की ओ."

तुकडा वायर कटवर कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तेव्हा चिरा धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवरून धावताना दिसल्या. तोंडाशी रुंद, शेवटाला अगदी निमुळत्या. ओतकामातला हॉट टिअर, म्हणजे गोठता गोठता पडणारी फाट, ज्यानं पाहिला आहे, त्याला ही ओळख पटायला वेळ लागत नाही. आकार तेवढा हजारपट लहान.

जॉबवर्कवाल्यानं प्रामाणिकपणे प्रयत्न केले. लेझरची ताकद कमी-जास्त केली, वेग बदलला, दोन ओळींमधलं अंतर बदललं. चिरा कमी झाल्या, संपल्या नाहीत. कुणीतरी हिप करायचं सुचवलं, म्हणजे जास्त तापमानात आर्गॉनचा प्रचंड दाब देऊन आतल्या पोकळ्या दाबून बुजवायच्या. बंद पोकळीवर हा उपाय उत्तम चालतो. पण नॉझलच्या चिरा आतल्या वाटांच्या भिंतीवर उघडत होत्या. उघड्या चिरेत दाबाचा वायूच शिरतो, मग ती मिटणार कशी? त्यामुळे तो मार्गही बंद झाला.

इथपर्यंत सगळ्यांचं लक्ष मशीनवर होतं. माझं म्हणणं होतं की दोष मशीनचा नाही, पावडरच्या घटकांचा आहे, आणि घटक ठरवायचे तर आधी आकडेमोड करायला हवी.

७३८एलसी हा ओतकामासाठी बनवलेला मिश्रधातू आहे. त्यात साधारण १६ टक्के क्रोमियम, साडेआठ टक्के कोबाल्ट, आणि अॅल्युमिनियम व टायटॅनियम प्रत्येकी ३.४ टक्क्यांच्या आसपास असतं. याच दोघांमुळे निकेलमध्ये गॅमा प्राइम नावाचे सूक्ष्म कण तयार होतात आणि धातू लाल झाला तरी ताण सोसतो. वर चिमूटभर बोरॉन आणि झिर्कोनियम असतं, कारण ओतीव पात्यात ते कणांच्या सीमा घट्ट धरतात. ओतताना धातू सेकंदाला फार तर काही अंशांनी थंड होतो. चिरायला लागलेल्या जागेत रायझरमधून, म्हणजे साच्यावरच्या जादा रसाच्या साठ्यातून, ताजा रस येऊन भरायला सवड असते. लेझरखाली हाच वेग सेकंदाला दहा लाख अंशांच्या घरात जातो. तिथे कसला रायझर आणि कसली सवड.

आता शेवटच्या थेंबाचा प्रश्न. शाळेबाहेर प्लास्टिकच्या पिशवीत मिळणारी पेप्सी आठवा: गोठताना पाणी आधी घट्ट होतं आणि साखर-रंग उरलेल्या रसात जमत जातो, म्हणून शेवटचा रस सगळ्यांत गोड. धातूही असाच गोठतो. निकेल आधी घट्ट होतं. टायटॅनियम, नायोबियम, झिर्कोनियम, बोरॉन यांना घन निकेलमध्ये पुरेशी जागा मिळत नाही, ते उरलेल्या रसात ढकलले जातात. रस जितका या घटकांनी भरतो तितकं त्याचं गोठणतापमान खाली जातं. परिणाम असा, की बाकी सगळा धातू घट्ट होऊन आकसू लागला तरी कणांच्या मध्ये रसाची पातळ पडदी शिल्लक राहते. ओढ बसली की ती फाटते.

हे हिशेबात बसवण्याची पद्धत जुनी आहे. गलिव्हरनं १९१३ मध्ये आणि शाइलनं १९४२ मध्ये मांडलेलं गृहीतक असं: रस पूर्ण एकजीव राहतो, आणि एकदा घट्ट झालेल्या भागात काहीच हलत नाही. वाळूच्या साच्यात हे जरा टोकाचं ठरतं, कारण तिथे घन भागातही घटकांना सरकायला वेळ मिळतो. लेझरच्या क्षणभराच्या वितळण्यात ते उलट वस्तुस्थितीच्या जास्त जवळ जातं. कार्बन मात्र अणूंच्या फटींतून भराभर सरकतो, म्हणून त्याला हिशेबात वेगळं धरावं लागतं.

या गृहीतकाला घटकांची ऊष्मागतिकी जोडली की झाली कॅलफॅड पद्धत. तिचा पाया लॅरी कॉफमन यांनी घातला. १९७० मध्ये बर्नस्टाइन यांच्यासोबत त्यांचं या विषयावरचं पुस्तक आलं. पुढे स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठातून थर्मो-कॅल्क हे सॉफ्टवेअर निघालं. आज पायकॅलफॅडसारखं फुकट सॉफ्टवेअरही आहे, पण आपल्याकडच्या लहान उद्योगांची अडचण वेगळीच असते. प्रोग्राम मिळतो, निकेलच्या दहा-बारा घटकांचा भरवशाचा डेटाबेस महाग असतो. आमच्या प्रकरणात परवाना पुण्यातल्या एका संशोधन गटाकडे होता, आणि हिशेब केला खानापूरच्या एका मुलीनं. ती एम.टेक. करत होती, आणि हाच तिचा प्रकल्प ठरला. तिनं पहिलाच प्रश्न अण्णांना विचारला: "काका, नॉझलवर वजन किती येतं?"

अण्णा थबकले. वजन येतच नव्हतं. नॉझल बर्नरच्या टोकाला टांगलेलं, आतून थंड हवा, बाहेरून ज्वाला. त्याला सोसायचं होतं हजार अंशांच्या आसपासचं तापमान, त्यावर चढणारी ऑक्साइडची खपली, आणि भट्टी पेटवताना-विझवताना बसणारे गरम-गार धक्के. टर्बाइनचं पातं मिनिटाला हजारो फेरे घेताना स्वतःच्याच ओढीनं ताणलं जातं, म्हणून त्याला ४० टक्क्यांच्या वर गॅमा प्राइम लागतं. नॉझलला त्यातलं जवळजवळ काहीच नको होतं. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यांत मोलाचा प्रश्न हाच, आणि त्याला संगणक लागला नाही.

मग तिनं निकेलचे तीन मिश्रधातू समोर ठेवले: ७३८एलसी, हेन्स २८२ आणि हॅस्टेलॉय एक्स. पुस्तकातली वितळण्याची कक्षा पाहिली तर गोंधळ होतो. ७३८एलसीची १२३२ ते १३१५ अंश, म्हणजे ८३ अंशांची. हॅस्टेलॉय एक्सची १२६० ते १३५५, म्हणजे ९५ अंशांची. कक्षा रुंद तितका तडकण्याचा धोका जास्त, हा ढोबळ नियम लावला तर हॅस्टेलॉय एक्स अधिक वाईट ठरायला हवा. पण पुस्तकातली कक्षा सावकाश, समतोलात गोठणाऱ्या धातूची असते. शाइलच्या हिशेबात ७३८एलसीचा आलेख शेवटच्या थोड्या रसापाशी कड्यावरून पडावा तसा खाली कोसळतो, आणि त्याला ओढणारे घटक कोण हे पाहिलं तर झिर्कोनियम आणि बोरॉन. ७३८एलसीमध्ये या दोन घटकांमुळे सीमांवर रस उरतो आणि सिलिकॉन वाढलं की प्रिंटमधल्या चिरा वाढतात, हे प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतही दिसलं आहे.

या कोसळण्याला आकडा द्यायचा तर विस्कॉन्सिनच्या सिंडो कोऊ यांनी २०१५ मध्ये मांडलेला निर्देशांक सोयीचा आहे. घन झालेल्या भागाचं वर्गमूळ आडव्या अक्षावर, तापमान उभ्या अक्षावर, आणि शेवटाकडचा उतार किती तीव्र आहे ते मोजायचं. उतार तीव्र असेल तर शेजारचे कण एकमेकांना चिकटायला उशीर करतात, आणि तेवढा वेळ फट उघडी राहते. निरपेक्ष आकड्यावर फार विसंबू नये, पण दोन मिश्रधातूंची किंवा एकाच धातूच्या दोन घटकपत्रांची तुलना करायला तो उत्तम आहे.

चिरांचा दुसरा प्रकार प्रिंटनंतरच्या हीट ट्रीटमेंटमध्ये येतो. छापलेल्या भागात ताण कोंडलेले असतात. तापवताना गॅमा प्राइम झपाट्यानं तयार होतं, धातू कडक होतो, आणि ताण सैल व्हायच्या आत तडकतो. वेल्डिंगवाल्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे, म्हणून ते अॅल्युमिनियम आणि टायटॅनियमची बेरीज पाहतात. ७३८एलसीत ती ६.८ टक्के होते, हेन्स २८२ मध्ये ३.६, हॅस्टेलॉय एक्समध्ये नगण्य. भार असता तर मी हेन्स २८२ कडे गेलो असतो. ते ताकद आणि वेल्ड होण्याची क्षमता यांचा मेळ घालूनच बनवलेलं आहे, गॅमा प्राइम २० टक्क्यांच्या जवळपास. पण भार नव्हता.

म्हणून हॅस्टेलॉय एक्स. पण तोही बाजारातून पावडर उचलली आणि छापली इतका सरळ नाही. त्यातही सूक्ष्म चिरा येतात. खरं डिझाइनचं काम इथे सुरू झालं. मानकात या मिश्रधातूला मोकळीक बरीच आहे: क्रोमियम २०.५ ते २३ टक्के, लोह १७ ते २०, मॉलिब्डेनम ८ ते १०, टंग्स्टन ०.२ ते १, कार्बन ०.०५ ते ०.१५, सिलिकॉन आणि मँगनीज प्रत्येकी १ टक्क्यापर्यंत. या चौकटीत बसणारे असंख्य मिश्रधातू आहेत, आणि प्रमाणपत्रावर सगळ्यांचं नाव एकच. त्यातले काही छापताना चिरतात, काही चिरत नाहीत. तिनं चौकटीच्या कोपऱ्याकोपऱ्यांत घटक सरकवून हिशेब चालवला आणि प्रत्येकाचा कोऊ निर्देशांक काढला.

सिलिकॉनपाशी आम्ही सगळ्यांत जास्त अडलो. छापण्याच्या बाजूनं पाहिलं तर सिलिकॉन कमीत कमी हवं, ते शेवटच्या रसात जमतं. खपलीच्या बाजूनं पाहिलं तर ते हवंहवंसं, कारण क्रोमियम ऑक्साइडच्या खाली सिलिकाचा पातळ पडदा बनतो आणि पुढची खपली सावकाश वाढते. मँगनीजचं तसंच, ते क्रोमियमसोबत वरच्या बाजूला स्पिनेल नावाच्या ऑक्साइडचा थर देतं. संगणक दोन्ही बाजू दाखवतो, निवड करत नाही. माझा कल सिलिकॉन उतरवण्याकडे होता आणि त्याला कारण होतं. हे नॉझल सतत तापलेलं राहत नाही, रोज गरम-गार होतं, आणि अशा धक्क्यांत सिलिकाचा पडदा जाड असेल तर खपली सुटून पडायला तीच जागा होते. शिवाय चिरलेल्या भिंतीत ऑक्सिजन आतून खातो, मग वरची खपली कितीही चांगली असून उपयोग काय? मुलीचं म्हणणं थोडं वेगळं होतं. मँगनीज पूर्ण काढू नये, थोडं राहू द्यावं, कारण निर्देशांकावर त्याचा भार सिलिकॉनइतका पडत नव्हता. ते पटलं.

शेवटी घटकपत्र असं ठरलं: सिलिकॉन ०.२ टक्क्याच्या आत, मँगनीज थोडं, कार्बन मानकाच्या खालच्या टोकाजवळ, बोरॉन आणि झिर्कोनियम मुद्दाम घालायचं नाही, गंधक शक्य तितकं कमी. मॉलिब्डेनम आणि टंग्स्टन मात्र वरच्या बाजूला. हे जड अणू निकेलच्या जाळीत बसून धातू ताठ करतात, आणि हॅस्टेलॉय एक्समध्ये असे घटक वाढवल्यावर चिरा कमी झाल्याचं ब्रिटनमधल्या एका गटानं २०१५ मध्ये दाखवलं होतं. फार वाढवलं तर दीर्घकाळ तापल्यावर मॉलिब्डेनमचे ठिसूळ गट तयार होतात. म्हणून ८०० ते १००० अंशांच्या पट्ट्यात समतोलाचा हिशेब वेगळा केला आणि वरची मर्यादा तिथून घेतली.

हे चौकटीतलं डिझाइन आहे, नवा मिश्रधातू नव्हे. नवा बनवणाऱ्यांची उदाहरणंही डोळ्यांसमोर होती. नासाच्या ग्लेन केंद्रातला जीआरएक्स-८१० हा निकेल-कोबाल्ट-क्रोमियमचा मिश्रधातू सुमारे ३० सिम्युलेशननंतर ठरला, आणि त्याच्या पावडरीच्या कणांवर यट्रिअम ऑक्साइडचं अतिसूक्ष्म आवरण चढवलेलं असतं. २०२३ मध्ये नेचरमध्ये आलेल्या निबंधाप्रमाणे १०९३ अंशांना त्याचं क्रीप आयुष्य, म्हणजे ताणाखाली हळूहळू लांबत तुटेपर्यंतचा काळ, प्रचलित निकेल मिश्रधातूंच्या हजारपटीहून जास्त भरलं. ऑक्सफर्डमधून निघालेला एबीडी-९००एएम तर छापताना चिरू नये ही अट ताकदीच्या अटीबरोबरच हिशेबात घेऊन बनवला गेला. अॅल्युमिनियममध्येही हेच चाललंय: एमआयटीच्या गटानं २०२५ मध्ये मशीन लर्निंगच्या मदतीनं फक्त ४० रचना तपासून छापता येणारा, उष्णता सोसणारा मिश्रधातू गाठला, जिथे एरवी दहा लाखांहून जास्त रचना तपासाव्या लागल्या असत्या. बेळगावजवळच्या हत्तरगीच्या एरोस्पेस सेझमध्ये (विशेष आर्थिक क्षेत्रात) काम करणाऱ्या आपल्या पोरांनी यातलं शेवटचं उदाहरण तरी नीट वाचावं असं मला मनापासून वाटतं. हलका आणि तापणारा भाग तिथे कधी ना कधी समोर येणारच.

आमच्याकडे एका नॉझलसाठी नवी पावडर बनवून घेणं परवडणारं नव्हतं. पावडर बनवणारा एका हीटपेक्षा, म्हणजे एका वेळच्या वितळणीपेक्षा, कमी माल बनवत नाही. म्हणून पुरवठादारांकडून हॅस्टेलॉय एक्सच्या उपलब्ध लॉटची घटकपत्रं मागवली आणि आमच्या मर्यादांत बसणारा लॉट शोधला. खरेदीच्या कागदावर मिश्रधातूच्या नावाखाली आमच्या घटकमर्यादा स्वतंत्र लिहिल्या. पुरवठादाराला हे नवीन होतं. फाउंड्रीवाल्याला ते नवीन नाही. तो स्पेक्ट्रोवर घटकांचा आकडा पाहिल्याशिवाय रसाचं लॅडल उचलत नाही.

दुसरं नॉझल त्याच मशीनवर छापलं. प्लेटवर सोबत चाचणीचे दोन ठोकळे ठेवले. डाय पेनिट्रंटमध्ये पांढरा थर पांढराच राहिला. ठोकळा कापल्यावर काही गोल छिद्रं दिसली, चिरांचं जाळं दिसलं नाही. प्लेटवरून सोडवायच्या आधी ताण काढले, मग ११७५ अंशांच्या आसपास तापवून झपाट्यानं गार केलं, म्हणजे सीमांवरचे कार्बाइड विरघळून कण एकसारखे होतात. हे हीट ट्रीटमेंट अण्णांच्या भट्टीत झालं नाही, तिथे निर्वात किंवा आर्गॉनची सोय नाही. ते बाहेर करून घेतलं.

नॉझल आता भट्टीत आहे. दर बंदच्या वेळी उतरवून तोंडाची कडा आणि पहिल्या वळणाची भिंत भिंगाखाली पाहायची, खपली सुटली असेल तर तिचा फोटो तारखेसह ठेवायचा, असं ठरलंय. चिरेपेक्षा मला भीती खपलीची आहे, कारण सिलिकॉन उतरवून आपण जी बाजू सोडली ती हीच. खपली लवकर सुटू लागली तर पुढच्या लॉटला मँगनीजची मर्यादा थोडी वर न्यायची, सिलिकॉनला हात लावायचा नाही.

एवढं झाल्यावर अण्णांनी भट्टीतल्या जाळीच्या ट्रेचं ड्रॉइंग पुढे केलं. हेही छापूया का म्हणाले. ट्रे मोठा, आकार साधा, आत लपलेली वाट एकही नाही, आणि त्याच्यावर गिअरचं वजन तासन्‌तास तापलेलं बसून राहतं. छापायचं काहीच कारण नव्हतं. त्यासाठी २५ टक्के क्रोमियम आणि २० टक्के निकेलचं ओतीव स्टील सुचवलं, कार्बन ०.४ टक्क्याच्या आसपास. नॉझलमध्ये जो कार्बन खाली ओढला, तो इथे मुद्दाम वर ठेवायचा, कारण वाळूच्या साच्यात सावकाश गोठताना तो कणांच्या मधोमध कार्बाइडची जाळी बांधतो आणि तीच जाळी ट्रेला वाकू देत नाही. पॅटर्न शेजारच्याच फाउंड्रीत, त्याच मिस्त्रींकडे टाकलाय.